बारा बाय चौदाची रोपवाटिका

मी पाटबंधारे खात्यात वरिष्ठ लिपिक आहे, हे आधीच सांगून टाकतो. नंतर दुसऱ्या कुणाच्या तोंडून कळलं तर तुम्ही जास्त हसाल. आमच्या कॉलनीचं हसून झालेलं आहे. ज्या माणसाच्या टेबलावरून कालव्यांच्या फायली जातात, त्याला चहाच्या कागदी कपात पाणी किती घालावं हे कळू नये, असं केशवराव काळमेघ अजूनही येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतात. केशवराव आमचे शेजारी. तिवस्याकडे त्यांची शेती आहे, ती त्यांचा भाऊ करतो. केशवराव फक्त सल्ला देतात. पूर्वी भावाला देत, भावाने फोन उचलणं बंद केल्यापासून मला देतात.

सगळ्याची सुरुवात माइकपासून झाली. आमच्या आचलचं लग्न अकोल्याच्या तेलगोट्यांकडे ठरलं. मुलगा संघपाल, बँकेत आहे, कमी बोलतो. त्याचे वडील पंजाबराव वीज खात्यातून निवृत्त, ते त्याहून कमी बोलतात. त्या घरातलं सगळं बोलणं संघपालच्या आई दुर्गाबाई करतात. त्या निवृत्त मुख्याध्यापिका आहेत आणि निवृत्त झाल्याचं त्यांना कोणी कळवलेलं दिसत नाही. अकोल्याला साखरपुडा झाला, त्रिशरण-पंचशील झालं, आणि आमच्याकडच्या रीतीप्रमाणे माइक फिरायला लागला. आमच्या मंगल कार्यात माइक एकदा हातात आला की बिनबोलता पुढे देणं हा जवळपास अपमान समजतात.

दुर्गाबाईंनी माइक घेतला आणि सभागृहात एकदम शाळा भरल्यासारखी शांतता झाली. "आमाले हुंडा नोको," त्या म्हणाल्या, "आंदन नोको. फ्रिज, कूलर, सोफा, कायबी नोको. पोरीच्या बापाच्या घरून एक चमचा जरी आला, तं मी दारातूनच वापस करीन." टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या, मनापासून. तेवढ्यात कोणीतरी माइक माझ्या हातात दिला.

आता मला बोलायचं आहे असं मला कोणी सांगितलं नव्हतं. पण समोर इतकी माणसं, नुकत्याच झालेल्या टाळ्या, आणि पोरीचं लग्न. माणसाच्या अंगात काहीतरी शिरतं. मी ऐकलं तर मीच बोलत होतो: लग्नाला येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला बोधिवृक्षाचं, म्हणजे पिंपळाचं, एकेक रोप मिळेल. विकतचं नाही. माझ्या स्वतःच्या घरात, माझ्या हाताने वाढवलेलं!

या वेळी टाळ्या जास्त पडल्या. दुर्गाबाईंनी माइक परत घेतला. "इवाईनं शब्द देला," त्या म्हणाल्या. इवाई म्हणजे व्याही, म्हणजे मी. "आमी बाकी कायी मागत नाई. येवढी एकच गोष्ट आता आमाले तुमच्या घरून पाह्यजे."

परतीच्या वाटेवर नीलम, म्हणजे माझी बायको, मूर्तिजापूर येईपर्यंत गप्प होती. मूर्तिजापूर आल्यावर ती एवढंच म्हणाली, "विकतचं नाही, हे कावून म्हटलं?"

मला याचं उत्तर तेव्हाही माहीत नव्हतं. पण मी घाबरलो नव्हतो, हे नमूद करतो. पिंपळ वाढवावा लागतो असं मला कधी वाटलंच नव्हतं. पिंपळ आपला आपण येतो. सज्जात येतो, पाण्याच्या टाकीखाली येतो, संडासाच्या पाइपाला धरून येतो. ज्याला उपटायला लोक माणूस शोधत फिरतात, ते झाड प्रेमाने बोलावल्यावर येणार नाही, असं कोण म्हणेल? लग्न बुद्धपौर्णिमेला होतं. मधे अख्खा उन्हाळा होता. मला वाटलं, वेळच वेळ आहे.

आमच्या विहाराच्या अंगणात मोठा पिंपळ आहे. गेल्या पावसाळ्यातली वाळलेली फळं तिथे एका पोत्यात भरून ठेवली होती, ती मी आणली आणि चुरली. आतून जे बी निघालं ते खसखशीपेक्षाही बारीक. शिंक आली तर अर्धं लग्न उडून जाईल, अशा बेताचं. मी नाकाला रुमाल बांधूनच कामाला बसलो.

केशवराव बघायला आलेच. "हे असं येत नसते, वानखडे भाऊ," ते म्हणाले. "कावळ्याच्या पोटातून गेल्याबिगर पिंपळाचं बी उगवत नाई."

"मग काय करू?"

"कावळा पोसा."

त्यांनी कावळ्याला काय खाऊ घालावं इथपर्यंत सांगितलं. मी तेव्हा मोबाइलवर एका माणसाचा व्हिडिओ बघत होतो. तो सांगत होता की बी रात्रभर पाण्यात भिजवा, काही वर तरंगेल, काही तळाला बसेल, त्यातलं एक पेरा आणि एक टाकून द्या. कोणतं पेरायचं ते तो सांगत असताना केशवराव कावळ्याच्या पिंजऱ्याबद्दल बोलत होते. व्हिडिओ मागे घेऊन पुन्हा ऐकता आला असता. पण मला गरज वाटली नाही. सकाळी पातेल्यात पाहिलं तर वर एक पांढुरका थर तरंगत होता आणि खाली काळपट काहीतरी बसलं होतं. खाली बसतो तो गाळ. गाळ काढायचा असतो, याबद्दल आमच्या खात्यात आजवर मतभेद झालेला नाही.

म्हणून मी वरचं अलगद गाळणीने काढून घेतलं आणि गाळाचं पाणी कूलरच्या टाकीत ओतलं. मोरीत नाही ओतलं, हे विशेष. नळ एक दिवसाआड येतो. आमच्या गल्लीत भाजी धुतलेलं, तांदूळ धुतलेलं, कसलंही पाणी असो, ते कूलरमध्येच जातं. आमचा कूलर हॉलच्या खिडकीबाहेर लोखंडी स्टँडवर बाराही महिने उभा असतो आणि टाकीत ओतायला आतून हात पोचतो.

माती तयार करायला केशवरावांनी भावाच्या शेतातलं शेणखत दिलं. भावाला विचारलं होतं का, ते मी विचारलं नाही. ऑफिसच्या कँटीनमधून कागदी कप आणले. सोफा बेडरूममध्ये गेला, बेडरूममधलं कपाट आचलच्या खोलीत गेलं आणि आचल अभ्यासिकेत गेली, म्हणजे गच्चीवर. हॉलमध्ये फळ्यांवर फळ्या लावून मी कप मांडले. प्रत्येकात चिमूटभर तरंगतं बी.

यानंतर प्रकाशाचा प्रश्न आला. आमच्या हॉलला खिडक्या पश्चिमेला. दुपारी तिथून जे येतं त्याला प्रकाश म्हणायचं तर तव्यालाही बिछाना म्हणता येईल. म्हणून मी रोपांसाठीचे खास दिवे मागवले. ते जांभळे निघाले. संध्याकाळी सातला दिवे लावले आणि आमचं घर गल्लीच्या टोकापासून जांभळं दिसायला लागलं. पहिल्याच दिवशी एका रिक्षावाल्याने दारापाशी रिक्षा उभी करून आत वाकून विचारलं, "फॅमिली सेक्शन हाये का?" दुसऱ्या दिवशी कॉलनीतली पोरं विचारायला आली की यंदा जयंतीची लायटिंग इतक्या लवकर कशी, आणि वर्गणी किती द्यायची. केशवरावांच्या बायकोने, माणिकबाईंनी, नीलमला बाजूला घेऊन हळूच सांगितलं, "बाई, कायी अडचन असन तं सांग. असे धंदे नोका करू."

मग आर्द्रता. व्हिडिओतला माणूस म्हणाला होता की हवेत सत्तर टक्के ओलावा हवा. मी ओलावा मोजायचं यंत्र आणलं. ते बारा दाखवत होतं. मी ते बदलून घ्यायला दुकानात गेलो. दुकानदाराने त्याच्याकडची चार यंत्रं काढून काउंटरवर मांडली. सगळी बारा. "मशीन बराबर हाये साहेब," तो म्हणाला, "अमरावतीच खराब हाये."

तेव्हा मी कूलर लावला. मार्च नुकताच लागला होता, सकाळी अजून गारवा होता, आणि आमच्या हॉलमध्ये कूलर सुरू झाला तो बंद न होण्यासाठी. वऱ्हाडात कूलर हा घरातला कर्ता माणूस असतो, त्याच्याबद्दल मला आदर आहे. पण त्याने दिवसरात्र घरात बोलावं हे सोसत नाही. आम्ही रजई घेऊन बसायला लागलो. पापड मऊ झाले. न्हाणीघराचं दार फुगलं आणि लागेनासं झालं, त्यामुळे आत असलेल्या माणसाने गाणं म्हणत राहायचं असा घरात नियम झाला. नीलमला गाणं येत नाही, ती पाढे म्हणायची. आणि यंत्राचा काटा पंचेचाळीसवर जाऊन बसला, तो काही केल्या वर येईना.

पाण्याचं तर विचारूच नका. नीलम म्हणायची, माती वाळली की घाला. व्हिडिओवाला म्हणायचा, फवारा. केशवराव म्हणाले, "पानी तोडा! वरुडले संत्र्याले ताण देतात ना, तवा बहार फुटते." मी दोन दिवस ताण दिला. मग आचल खाली आली आणि म्हणाली, "बाबा, ते अजून उगवलंच नाही, त्याला कशाचा ताण?" हे मला पटलं. पण तिच्यासमोर पटलं असं दाखवता येईना, म्हणून मी म्हणालो की हा शास्त्रीय विषय आहे.

शेवटी मी माझ्या खात्याच्या अनुभवाने चाललो. सलाइनच्या नळ्या आणल्या, त्यांना टाचणीने भोकं पाडली, बादली उंचावर टांगली आणि आवर्तन सोडलं. पहिल्या फळीवरचे कप बुडाले. शेवटच्या फळीवर एक थेंब पोचला नाही. बादली वर नेली, खाली नेली, नळीला गाठ मारली, तेच. कालव्याच्या शेवटच्या टोकाच्या शेतकऱ्यांचे अर्ज मी इतकी वर्षं फायलीला लावत आलो, त्यांचं म्हणणं मला आयुष्यात पहिल्यांदा समजलं. तेव्हापासून मी हाताने, चमच्याने पाणी घालायला लागलो. ऑफिसला जायच्या आधी आणि आल्यावर.

आणि एक दिवस कपांत हिरवं दिसलं!

मी ओरडलो. नीलम पाढे अर्धवट सोडून बाहेर आली. चारसहा कपांत नव्हे, बहुतेक सगळ्या कपांत बारीक बारीक अंकुर होते. तो आनंद मला अजून आठवतो. आचल जन्मली तेव्हा मी बडनेऱ्याला गाडीत अडकलो होतो, त्यामुळे एखादी गोष्ट जन्मताना पाहण्याची ही माझी पहिलीच वेळ. मी लगेच फोटो काढला आणि लग्नाच्या ग्रुपवर टाकला. दुर्गाबाईंचा उलट फक्त अंगठा आला, पण त्या अंगठ्यातही मला समाधान दिसलं.

पुढे मात्र मला थोडं कळेनासं झालं. रोप उंच होईना, आडवंच पसरायला लागलं. देठ लालसर, पानं गोल, जाड, नखाएवढी. पिंपळाच्या पानाला शेपूट असतं हे शाळेतल्या मुलालाही माहीत आहे. मी केशवरावांना विचारलं. "लहानपनी सगळेच गोल असतात," ते म्हणाले. "तुमची आचल पाहाना." नीलम कपाकडे बघायची, मग माझ्याकडे बघायची, आणि स्वयंपाकघरात निघून जायची. तिच्या मनात काय होतं ते तिने नंतर सांगितलं. ती म्हणाली, तुमी इतक्या प्रेमानं पाहून राहिले होते, माह्यानं बोलवलं नाही.

खात्री करून घ्यावी म्हणून मी शेतकऱ्यांसाठीच्या एका मदत क्रमांकावर फोन लावला. पलीकडची मुलगी अतिशय नम्र होती. तिने गाव विचारलं, पीक विचारलं. मी पिंपळ सांगितलं. ती यादीत शोधत राहिली. मग म्हणाली, "पेरणीचं क्षेत्र किती, सर?"

"बारा बाय चौदा."

"एकर?"

"फूट."

तिने ते लिहून घेतलं. "कोरडवाहू की बागायती?"

मी कूलरकडे पाहिलं आणि बागायती सांगितलं. तिने एका कार्यालयात नमुना घेऊन जायला सांगितलं. तिथे मी अर्ध्या दिवसाची रजा टाकून दोन कप पिशवीत घेऊन गेलो. खिडकीतल्या साहेबांनी कपांकडे न पाहता सातबारा मागितला. मी म्हणालो, हे हॉलमध्ये लावलं आहे. ते म्हणाले, मग हॉलचा सातबारा. मी स्वतः सरकारी माणूस आहे, त्यामुळे असल्या प्रसंगी वाद घालत नाही. समोरच्याला काय वाटत असेल ते मला बाहेरून नाही, आतून कळतं. मी कप घेऊन परत आलो. येताना बसमध्ये एका बाईने पिशवीत डोकावून विचारलं, "कशी देली जुडी?" मला त्या प्रश्नाचा अर्थ लागला नाही. मी तिला, हे विकाऊ नाही, असं जरा तुटकच सांगितलं.

एप्रिल संपत आला आणि बस्त्याचा दिवस ठरला. लग्नाची कापडं काढायला तेलगोटे मंडळी अमरावतीला येणार, आणि बस्त्याआधी आमच्याकडे चहा. म्हणजे चहा हे निमित्त. दुर्गाबाईंना रोपं बघायची होती, तसं त्यांनी ग्रुपवर लिहिलंच होतं.

त्या आल्या. मागून पंजाबराव आणि संघपाल. केशवराव आधीच येऊन बसलेले. मी जांभळे दिवे लावले. दुर्गाबाई वर्गाची तपासणी करावी तशा फळ्यांमधून एकदा गेल्या, एकदा परत आल्या. हॉलमध्ये फक्त कूलरचा आवाज. मग त्या थांबल्या, एका कपातला शेंडा नखाने खुडला, आणि तोंडात टाकला.

"इहीनबाई!" मी म्हणालो.

त्यांनी तो शांतपणे चावला. "इवाई," त्या म्हणाल्या, "ही तं चिवळ हाये."

चिवळ म्हणजे आमच्याकडची उन्हाळ्यातली पालेभाजी. शेतात, बांधावर, कोणी न लावता उगवते. बाजारात जुडीने मिळते, तुरीच्या डाळीत घालतात. लहानपणापासून मी ती दर उन्हाळ्यात खात आलो आहे. पण भाजी मी नेहमी ताटात पाहिलेली. ती कपात, जांभळ्या उजेडात, नाव बदलून उभी राहिली तर ओळखायची कशी?

"भावाच्या वावरातलं खत," केशवराव हळूच म्हणाले. "तिथं लय चिवळ असते." आणि जणू चिवळ त्यांनीच भेट दिली आहे अशा थाटात त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

मी खाली बसलो. सोफा नव्हता, जमिनीवरच बसलो. आचल दारात उभी होती. तिचा चेहरा मला दिसला. तिच्या सासरच्यांनी आमच्याकडे एकच गोष्ट मागितली होती. पैसा नाही, सोनं नाही. एक रोप. आणि मी त्यांना दोन महिने भाजीचे फोटो पाठवत होतो. पाटबंधारे खात्यात एवढी वर्षं काढून जी कधी वाटली नव्हती, इतकी लाज मला वाटली.

दुर्गाबाईंनी पदर खोचला. "नीलमताई, डाळ हाये का शिजलेली? पोरी, खुडायले लाग. बस्ता काई पळून जात नाई." आणि माझी दोन महिन्यांची मेहनत सुपात जमा व्हायला लागली. मी स्वतः दोन फळ्या खुडल्या.

चिवळ, भाकरी आणि ठेचा असं जेवण झालं. दुर्गाबाई म्हणाल्या, भाजी चांगली झाली, लुसलुशीत आहे. ओळख झाल्यापासून त्यांनी माझी केलेली ही पहिली स्तुती. पण उकाडा वाढला होता. सगळे पदराने, रुमालाने वारा घेत होते. कूलर गुरगुरत होता, हवा मात्र येत नव्हती. आमच्याकडे कूलर हवा देत नसला की घरातला प्रत्येक पुरुष त्याला काय झालं ते सांगतो. मी पंप म्हणालो, केशवराव मोटर म्हणाले, संघपाल काहीच म्हणाला नाही. पंजाबराव उठले आणि बाहेर जाऊन कूलरच्या पाठीमागे गेले.

बराच वेळ झाला. मग त्यांचा आवाज आला. मी त्यांचा आवाज तेव्हा पहिल्यांदाच नीट ऐकला. "इकडं या," ते म्हणाले.

कूलरच्या मागच्या जाळीतली खस, म्हणजे ज्यावर पंप पाणी सोडत राहतो ते गवत, दिसतच नव्हती. सगळी जाळी हिरवी झाली होती. दाटीवाटीने, एकमेकांच्या खांद्यावर चढून, बारीक बारीक रोपं उभी होती, आणि प्रत्येकाच्या पानाला टोकाशी शेपूट होतं. दुसऱ्या जाळीतही तेच. तिसऱ्यातही तेच.

मला काहीच कळेना. मी पिंपळ कपात पेरला होता. तो बाहेर कसा गेला? केशवराव म्हणाले, कावळा. आचलने विचारलं, "बाबा, तुम्ही भिजवलेल्या पाण्याचं काय केलं होतं?" मी सांगितलं की वरचं घेतलं आणि गाळ टाकीत ओतला. ती डोक्याला हात लावून खालीच बसली. "बाबा, चांगलं बी तळाला बसतं." म्हणजे मी पोचट तेवढं निवडून पेरलं, आणि खरं बी पंपाने उचलून खसेवर नेलं. तिथे दिवसरात्र ओल, बाहेरचा उजेड, आणि मी नाही. एवढं मिळाल्यावर पिंपळाला आणखी काय हवं?

मी आनंदाने दुर्गाबाईंचे पाय धरायचे तेवढे बाकी होते. शब्द राहिला होता! माझ्याच घरात, माझ्याच हाताने, थोडं अनवधानाने का होईना. पंजाबरावांनी एक रोप ओढून पाहिलं. ते मुळासकट आलं नाही, मध्येच तुटलं. मुळं खसेत गुंतली होती. नीलमचा मामेभाऊ खुशालराव वरुडला संत्र्याची कलमं करतो, त्याला फोन लावला. तो म्हणाला, "आत्ता हात लावू नोका. या उन्हात कुंडीत टाकलं का गेलं समजा. पावसाळ्यात खस कापून कापून काढा. तवरक कूलर बंद करू नोका."

"काही हरकत नाही," मी म्हणालो. "लग्नाच्या दिवशी कूलरच अकोल्याला घेऊन येतो. टेम्पो करतो. तुमच्याकडेच राहू द्या पावसाळ्यापर्यंत."

दुर्गाबाईंनी खोचलेला पदर सोडला.

"कूलर?" दुर्गाबाई म्हणाल्या. "पोरीच्या बापाच्या घरून? माह्या दारात?"

"त्यात रोपं आहेत, इहीनबाई."

"रोपं कोनाले दिसतीन? गल्लीले कूलर दिसन. मी माइकवर काय बोलली, तुमी होतेच ना तिथं?"

मी होतोच. टाळ्याही वाजवल्या होत्या. आता त्यांनी मागितलेली एकच वस्तू त्यांनी नाकारलेल्या वस्तूत उगवली होती आणि तिच्यातून निघायला तयार नव्हती. रोपं न्यावीत तर त्यांचा शब्द मोडतो, न न्यावीत तर माझा. मी रिकामी खोकी, घमेली, अगदी जाळ्या काढून फक्त खस न्यायचंही सुचवलं. पंजाबरावांनी मान हलवली, वाटेत वाळेल. दुर्गाबाई उठल्या. "पाहू," म्हणाल्या, आणि बस्त्याला निघून गेल्या.

त्या 'पाहू'वर मी लग्नापर्यंतचे दिवस काढले. पारा पंचेचाळीसच्या वर गेला. वीज गेली की आम्ही तिघं आळीपाळीने तांब्याने जाळ्यांवर पाणी ओतायचो. नीलम मला एकदाही टोचून बोलली नाही, त्यामुळे मी जास्तच खचलो. लग्नाच्या दिवशी घर सोडायची वेळ आली तेव्हा केशवराव म्हणाले, "तुमी जा. मी थांबतो कूलरपाशी." लग्नाचं जेवण सोडणारा माणूस मी केशवरावांमध्ये कधी पाहिला नव्हता. त्यांच्या सगळ्या सल्ल्यांसकट मी त्यांना मनात माफ केलं.

अकोल्याला लग्न लागलं. आचल पांढऱ्या साडीत शांत उभी होती. मी मात्र रिकाम्या हातांनी उभा होतो, आणि पाहुण्यांतले काही माझ्या हातांकडे बघताहेत असं मला वाटत होतं. मग माइक आला. मी ठरवलं होतं, सगळं खरं सांगून माफी मागायची. मी माइक धरला, खाकरलो, आणि तो माझ्या हातातून गेला.

"रोपं तयार हायेत," दुर्गाबाई म्हणाल्या. "इवाईनं शब्द पाळला. पन रोपं कूलरात हायेत, आन कूलर मी माह्या घरी येऊ देनार नाई. म्हनून पाहुण्यांनी पावसाळ्यात अमरावतीले जाऊन आपआपलं रोप घेऊन याचं. पत्ता लिहून घ्या." आणि त्यांनी शुद्धलेखन घालावं तसा माझा पत्ता आणि मोबाइल नंबर दोनदा सांगितला. लोकांनी लिहून घेतला! मागच्या रांगेतून कोणीतरी पिनकोड विचारला.

मला घाम फुटला. अख्खं अकोला आमच्या हॉलमध्ये. प्रत्येकाला बसवायचं, पाणी द्यायचं, चहा द्यायचा. सोफा अजून बेडरूममध्येच अडकलेला. मी जेवणाच्या मंडपात दुर्गाबाईंना गाठलं. त्या वाढप्यांवर नजर ठेवून उभ्या होत्या.

"इहीनबाई, हे इतके लोक एकदम..."

"एकदम कावून? एका रविवारी चारपाच मानसं. जास्त नाई. मी पाठवीन तसे येतीन. संग आचल येईन. रोप तिच्याच हातानं द्याचं."

"पण असे तर वर्ष लागेल."

"लागू द्या."

नेहमीप्रमाणे मला काही कळलं नव्हतं. त्यांनी एका वाढप्याला वरण वाढायला पिटाळलं आणि मग, माझ्याकडे न बघता, आवाज थोडाही कमी न करता म्हणाल्या, "नव्या सुनेले माहेरी जायले पहिल्या साली निमित्त लागते, इवाई. मले बी पोरगी हाये. नाशकाकडं देली. तिच्या सासूले असं कायी सुचत नाई."

त्या पुढच्या पंगतीकडे निघून गेल्या. मी ताट हातात घेऊन तिथेच उभा राहिलो, आणि मला रडू आलं. आजूबाजूच्यांना वाटलं, पोरीचा बाप आहे, रडणारच. नीलम धावत आली, काय झालं, त्या काय बोलल्या म्हणून विचारायला लागली.

"साखर जास्त भरून ठेव," मी म्हणालो.